निजेला धोंडा पुरत नाही

सकाळचे अकरा. हॉटेलची खोली चांगली आहे, गादी उत्तम आहे, दाराबाहेर 'व्यत्यय नको'ची पाटी लटकते आहे. पण जाड पडद्याच्या दोन पाखांमध्ये बोटभर फट राहिली आहे आणि तिच्यातून उन्हाची पट्टी थेट उशीवर येते आहे. खोलीतला माणूस उठतो, कपाटातला पँट अडकवायचा हँगर काढतो आणि त्याच्या चिमट्यांनी दोन्ही पडदे एकमेकांना जोडून टाकतो. लांब पल्ल्याची उड्डाणे करणाऱ्यांमध्ये ही युक्ती जुनी आहे. मग तो एसी वाढवतो, कानांत बोळे घालतो, फोन बंद करतो आणि आडवा होतो. बाहेर व्हॅक्यूम क्लीनर घरघरू लागतो. रात्री नऊला त्याला दोन-तीनशे माणसे घेऊन पुन्हा निघायचे आहे. कागदावर त्याची विश्रांती कधीच सुरू झाली आहे. डोळ्याला डोळा मात्र लागलेला नाही.

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण आपण सहज वापरतो. भूक खरी असली की कोंडाही गोड लागतो, झोप खरी असली की दगडाचीही उशी चालते. ज्यांनी ही म्हण घडवली ते सूर्याबरोबर उठत आणि दिवेलागणीनंतर लवकरच आडवे होत. थकवा आणि रात्र त्यांच्याकडे एकदमच यायची, त्यामुळे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळायचे कारणच नव्हते. वैमानिकाच्या बाबतीत त्यांची फारकत होते. अंग मोडून आलेले असते आणि मेंदू म्हणत असतो, आत्ता कुठली झोप, आत्ता तर संध्याकाळचे सात.

वैमानिक जेट लॅगवर कशी मात करतात, या विषयावर भरपूर लिहिले जाते. पाणी प्या, कॉफी जपून प्या, काळा चष्मा वापरा, व्यायाम करा. सल्ले चुकीचे नाहीत. माझी हरकत त्यांच्यामागच्या गृहीतकाला आहे: की झोप ही वैमानिकाची खासगी जबाबदारी आहे, चांगल्या सवयी असलेला ती निभावतो आणि बेशिस्त माणूस पेंगतो. विमान कंपन्या, नियम करणाऱ्या संस्था आणि स्वस्त तिकीट शोधणारे आपण, सगळ्यांनाच हे गृहीतक सोयीचे आहे. पण झोप हुकमाने येत नाही, आणि ज्या व्यवस्थेत ती हुकमाने येईल असे धरून वेळापत्रक आखले जाते तिथे चूक पेंगणाऱ्याच्या पदरात घालणे अन्यायाचे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ते धोक्याचे आहे.

आधी शरीराचे पाहू. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तेच आपले मुख्य घड्याळ. त्याचा दिवस 24 तासांपेक्षा काही मिनिटांनी मोठा असतो, म्हणून दिवस लांबवणे त्याला सोपे आणि आखडणे कठीण जाते. पश्चिमेकडचा प्रवास त्यामुळे बरा सोसतो, पूर्वेकडचा जाचतो. हे घड्याळ दिवसाला फार तर तास-दीड तास सरकते. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते, आणि ज्याला आपण साखरझोप म्हणतो ती नेमकी या वेळेची. विमानवाहतुकीच्या नियमांत रात्री दोन ते सहा हा पट्टा वेगळा काढलेला आहे, कारण त्या चार तासांत माणूस कितीही जागा दिसला तरी आतून निम्मा झोपलेला असतो.

घड्याळ सरकवतो तो उजेड. इथे गंमत आहे. तापमानाच्या त्या तळाआधी उजेड डोळ्यांवर पडला तर घड्याळ मागे जाते, नंतर पडला तर पुढे. समजा कोणी आठ तासांचा फरक ओलांडून पूर्वेला गेला. त्याचा पहाटे साडेचारचा तळ आता स्थानिक दुपारी साडेबाराला येणार. तो सकाळी आठला उतरला आणि 'ताजेतवाने व्हायला' उन्हात फिरायला गेला, तर त्याच्या शरीराच्या हिशेबाने तो मध्यरात्री उजेडात उभा आहे. घड्याळ पुढे जायला हवे होते, ते मागे जाते. म्हणून जाणता वैमानिक सकाळच्या उन्हात गडद चष्मा लावून खोली गाठतो. नवख्या प्रवाशाला ते रुबाब वाटते.

पण खरी गोम पुढेच आहे. लांब पल्ल्याचा वैमानिक बहुधा नव्या वेळेशी जुळवून घ्यायचा प्रयत्नच करत नाही. चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांत परत फिरायचे असेल तर जुळवून घेण्यात तोटाच: इकडे अर्धे सरकलात की परतल्यावर तिकडे परके. म्हणून तो मनगटावर घरची वेळ ठेवतो, पहाटे तीनला हॉटेलात जेवण मागवतो, दुपारी झोपायचा प्रयत्न करतो, आणि झोप एका दमात न मिळाल्यास दोन तुकड्यांत घेतो: उतरल्यावर दोन-तीन तास, मग निघण्याआधी जमेल तेवढी. 'मात' वगैरे काही नाही. ही उधारी आहे, आणि ती घरी आल्यावर सुट्टीच्या पहिल्या दोन दिवसांत फेडली जाते. त्या दोन दिवसांना हिशेबात सुट्टीच म्हणतात. घरची मंडळी त्यांना काय म्हणतात ते घरच्यांनाच विचारावे.

महिनाभर असे चालले, एकदा पूर्वेला, एकदा पश्चिमेला, मध्ये एखादी स्टँडबाय ड्युटी, की या माणसाच्या शरीरात किती वाजले आहेत हे कोणीच सांगू शकत नाही. हे माझे आलंकारिक विधान नाही. युरोपच्या उड्डाण-वेळ नियमांत वैमानिकाची स्थिती अक्षरांनी नोंदवली जाते: तो निघालेल्या ठिकाणच्या वेळेत असेल तर बी, पोचलेल्या ठिकाणच्या वेळेत रुळला असेल तर डी, आणि या दोन्हींच्या मधल्या अवस्थेसाठी एक्स. एक्स म्हणजे अज्ञात. मला हे अक्षर फार आवडते. त्यात एक प्रामाणिकपणा आहे. नियमच कबूल करतो की या माणसाचे घड्याळ आम्हाला वाचता येत नाही, म्हणून त्याला कमी तास उडवा.

एवढा प्रामाणिकपणा इतरत्र मात्र सापडत नाही. अमेरिकेत 2014 च्या जानेवारीत लागू झालेला नियम कर्तव्याआधी किमान 10 तास विश्रांती आणि त्यात अखंड 8 तास झोपेची संधी द्या असे सांगतो. शब्द नीट वाचा: झोप नव्हे, झोपेची संधी. कायद्याला याहून जास्त देता येत नाही हे खरेच. पण रात्री अकरा ते सकाळी सात ही संधी आणि सकाळी अकरा ते संध्याकाळी सात ही संधी, दोन्ही आठच तासांच्या. पहिलीत सात तास झोप मिळते, दुसरीत चार मिळाले तरी नशीब. पुढच्या कामाचे तास रात्रीच्या उड्डाणाला कमी धरले जातात, हे मान्य. तरीही विश्रांतीच्या वहीत दोघांच्या नावापुढे एकच आकडा पडतो.

याच नियमातून मालवाहू विमाने वगळली गेली. कारण खर्चाचे दिले गेले. खोकी तक्रार करत नाहीत हे समजू शकते, पण खोकी उडवणारा माणूस रात्रीच उडतो आणि त्याचे विमान प्रवासी विमानांच्याच आकाशात असते. 14 ऑगस्ट 2013 च्या पहाटे अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमला एक मालवाहू एअरबस धावपट्टीच्या अलीकडे कोसळली आणि दोन्ही वैमानिक गेले. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात दोघे आपल्या थकव्याविषयी आणि प्रवासी व मालवाहू वैमानिकांच्या नियमांतल्या फरकाविषयी बोलताना ऐकू येतात.

आता या उदाहरणाची दुसरी बाजू लपवणे बरोबर होणार नाही. त्या अपघाताच्या चौकशीत सहवैमानिकेच्या थकव्याचा उल्लेख आहे, आणि त्याचे एक कारण म्हणून तिने कर्तव्याबाहेरचा वेळ नीट वापरला नाही असेही म्हटले आहे. तिला झोपेची संधी होती, ती पुरती घेतली गेली नाही. म्हणजे वैयक्तिक जबाबदारीचा मुद्दा पोकळ नाही. घरापासून लांबच्या तळावर नोकरी धरून, ड्युटीआधी अर्धी रात्र प्रवास करत येणारे वैमानिक आहेत. मोकळ्या दिवशी झोप सोडून भलतेच उद्योग करणारेही असतील. माझे म्हणणे एवढेच की जबाबदारीची ही रेघ ओढताना माणसाला स्वतःचा थकवा कळतो असे आपण धरून चालतो, आणि ते धरणेच चूक आहे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला 2003 चा एक प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. काही जणांना सलग चौदा दिवस रोज फक्त सहा तास अंथरुणात राहू दिले. त्यांचे लक्ष दिवसेंदिवस ढासळत गेले, आणि अखेरीस ते पूर्ण रात्री जागलेल्या माणसांच्या पातळीवर आले. पण त्यांना स्वतःला विचारले तर ते म्हणत, थोडी पेंग येते, बाकी ठीक आहे. दारू चढलेल्याला आपण शुद्धीत आहोत असे वाटते तसाच हा प्रकार. आणि ही तुलना नुसती बोलायची नाही. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दाखवले की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्याइतकी घसरते. दारूसाठी आपण फुंकायला यंत्र ठेवतो, माणसाच्या शब्दावर विसंबत नाही. थकव्यासाठी मात्र अमेरिकन नियम प्रत्येक वैमानिकाकडून उड्डाणाआधी 'मी तंदुरुस्त आहे' असे लिहून घेतो. म्हणजे जे इंद्रिय बिघडले आहे त्याच इंद्रियाची साक्ष.

थकलो आहे, उडणार नाही, असे सांगायची मुभा कागदावर जवळपास सगळीकडे आहे. ती वापरणाऱ्याचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न. त्या दिवसाचा उड्डाणभत्ता जात असेल, वरिष्ठांकडून 'जरा भेटून जा' असा निरोप येत असेल, बढतीच्या वेळी ती नोंद कोणीतरी काढत असेल, तर मुभा नावापुरतीच उरते. उलट एकाच मार्गावरचे पाच वेगवेगळे वैमानिक वर्षभरात तीच तक्रार करत असतील तर दोष पाच जणांचा नाही, त्या मार्गाच्या वेळापत्रकाचा आहे. अशा तक्रारींची संख्या, नावे गाळून, मार्गागणिक जाहीर झाली पाहिजे. विमाने किती वेळेवर सुटली याचे आकडे झळकवले जातात, मग हे का नकोत?

झोपेविषयीची ही लाज कॉकपिटमध्ये जुनी आहे. 1927 च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग हा अमेरिकन वैमानिक न्यूयॉर्कहून विमानाने एकटा निघाला आणि साडेतेहेतीस तासांनी पॅरिसला उतरला. निघण्याच्या आदल्या रात्रीही तो झोपला नव्हता. वाटेत त्याला विमानात आपल्याबरोबर कोणीतरी आकृत्या बसल्याचे भास झाले, हे त्यानेच नंतर लिहिले. जगाने त्यातून घेतला तो जागरणाचा पराक्रम. भास सोयीस्करपणे विसरले गेले. जागा राहिला तो मर्द, डुलकी घेतली तो कामचुकार, हा हिशेब तेव्हापासून बसला आणि अजून पुरता पुसलेला नाही.

डुलकीवर अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने, नासाने, तिथल्या विमानवाहतूक नियामक संस्थेबरोबर मिळून 1980 च्या दशकाच्या शेवटी अभ्यास केला. पॅसिफिक ओलांडणाऱ्या उड्डाणांत काही वैमानिकांना आळीपाळीने खुर्चीतच 40 मिनिटे मोकळी दिली. ते सरासरी 26 मिनिटे झोपले. ज्यांना ही सवलत नव्हती त्यांच्या मेंदूच्या आलेखांत शेवटच्या अर्ध्या तासात, म्हणजे विमान उतरत असतानाही, क्षणिक झोपेच्या नोंदी मिळाल्या. डुलकी घेतलेल्यांत त्या काळात अशा नोंदी नव्हत्या. युरोप आणि कॅनडाने पुढे 'कंट्रोल्ड रेस्ट' नियमांत आणली: दोघांपैकी एकाने सांगून झोपायचे, सुमारे पाऊण तासाहून जास्त नाही, उठल्यावर निदान पंधरा-वीस मिनिटे काही हाती घ्यायचे नाही, आणि विमान खाली यायला लागण्याच्या पुरेसे आधी जागे व्हायचे. ज्या देशात अभ्यास झाला त्या अमेरिकेत मात्र खुर्चीतली डुलकी अजूनही नियमबाह्य आहे. प्रवाशांना झोपलेला वैमानिक ही कल्पना सोसणार नाही, असे म्हणतात. न सांगता पेंगलेला वैमानिक बहुतेक सोसतो, कारण तो दिसत नाही.

डुलकीच्या विरोधकांकडेही पुरावा आहे आणि तो भक्कम आहे. 2011 च्या जानेवारीत टोरोंटोहून झुरिकला निघालेल्या एअर कॅनडाच्या बोइंग 767 मध्ये सहवैमानिक अटलांटिकवर झोपला. ठरलेली 40 मिनिटे उलटली, तो सव्वा तास झोपून राहिला. जाग आली तेव्हा समोरून, हजार फूट खालून, एक लष्करी विमान येत असल्याचे बोलणे चालू होते. त्याने बाहेर पाहिले, शुक्राची चांदणी पाहिली, ते विमानच आहे असे समजला. मग खरे विमान दिसल्यावर ते अंगावर येते आहे असे वाटून त्याने विमानाचे नाक खाली दाबले. कॅप्टनने सावरले, पण पट्टा न बांधलेली माणसे छतावर आदळली. चौदा प्रवासी आणि दोन कर्मचारी जखमी झाले. गाढ झोपेतून उठल्यानंतरची ही ग्लानी पंधरा मिनिटे, कधी अर्धा तास टिकते. त्यात माणूस हलतो, बोलतो, निर्णयही घेतो. फक्त ते निर्णय भलतेच असतात.

2010 च्या मे महिन्यात दुबईहून मंगळूरला येणाऱ्या विमानात हेच झाले. जेट लॅगचा तो मामला नव्हता, पहाटेचा होता. ध्वनिमुद्रणात कॅप्टनचे घोरणे ऐकू येते. दोन तासांच्या मुद्रणापैकी तो सुमारे शंभर मिनिटे झोपला होता. उतरण्याच्या तयारीला तो जागा झाला, विमान फार उंचावर होते, सहवैमानिकाने पुन्हा वर घ्या असे वारंवार सांगितले. विमान टेबलासारख्या सपाट डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीच्या पलीकडे गेले. 158 माणसे मेली.

पण या दोन्ही घटनांतली झोप कुठली होती ते पाहा. एक मर्यादा मोडून लांबलेली, दुसरी वेळेचे भान न ठेवता घेतलेली. डुलकीवर बंदी घातल्याने झोप थांबत नाही, ती चोरून येते. आणि एकाच्या झोपेवर दुसऱ्याची नजर नसेल तर काय होते ते 2024 च्या जानेवारीत इंडोनेशियात दिसले: बाटिक एअरच्या एअरबसमध्ये कॅप्टन सांगून झोपला, आणि घरी महिन्याची जुळी असलेला सहवैमानिक न सांगता झोपला. 153 प्रवाशांचे विमान 28 मिनिटे कोणाच्याच हातात नव्हते. ते मार्ग सोडून भरकटले, जमिनीवरून हाका जात राहिल्या. कोणाला खरचटलेही नाही, म्हणून ही बातमी आपण हसत वाचली. मला त्या सहवैमानिकाला दोष द्यायला जीभ उचलत नाही. तान्ह्या जुळ्यांच्या घरात 'झोपेची संधी' म्हणजे काय हे कुठल्या नियमावलीत लिहिले आहे?

व्यवस्था मनावर घेते तेव्हा हे जमते, याचाही दाखला आहे. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे अठरा तासांच्या आसपासचे उड्डाण 2004 मध्ये सुरू झाले ते वैमानिकांची झोप मोजून, त्यांच्या मनगटांवर हालचाल टिपणारी उपकरणे बांधून, कोण कधी बंकमध्ये जाईल हे आखून. चार वैमानिक, दोन जोड्या. बंक म्हणजे ऐषआराम नव्हे. बऱ्याच मोठ्या विमानांत तो प्रवाशांच्या छताच्या वर असतो, अरुंद शिडीने चढायचे, पुरते बसताही येत नाही अशा फळीवर पट्टा बांधून पडायचे. हवा इतकी कोरडी की नाक सोलते. तिथली झोप जमिनीवरच्या झोपेपेक्षा हलकी आणि तुटक असते, पण झोप असते, आणि पुढे दोघे जागे आहेत हे माहीत असल्याने ती लागते.

आता याच जागी कात्री लागू पाहते आहे. लांबच्या उड्डाणात मधले तास एकच वैमानिक कॉकपिटमध्ये बसेल आणि दुसरा बंकमध्ये झोपेल, म्हणजे चारऐवजी दोघांत भागेल, असा प्रस्ताव विमान उद्योगातून काही वर्षे पुढे रेटला जातो आहे. यंत्रे आता हुशार झाली आहेत, एकटा कंटाळला तर यंत्र लक्ष ठेवील, काही घडलेच तर दुसऱ्याला उठवू, असा युक्तिवाद. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने करवलेल्या अभ्यासाने 2025 मध्ये सांगितले की आजच्या कॉकपिटांत दोन वैमानिकांइतकी सुरक्षितता यातून मिळते हे दाखवता येत नाही. हा प्रस्ताव खर्चाच्या नावाने पुन्हा येणार, याची मला खात्री आहे.

तो येईल तेव्हा त्याला एक जुना हिशेब दाखवावा. 31 मे 2009 च्या संध्याकाळी रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानाचा कॅप्टन नियमाप्रमाणे विश्रांतीला गेला. कॉकपिटमध्ये एक नव्हे, दोन वैमानिक होते. दहा मिनिटेही झाली नव्हती, तोच वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ भरला आणि ऑटोपायलट सुटला. कॅप्टन दीड-एक मिनिटात धावत परत आला. ऑटोपायलट सुटल्यापासून समुद्रावर आदळेपर्यंत 4 मिनिटे 23 सेकंद गेले. अपघात थकव्याने झाला असे चौकशी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण बंकमधून उठायचे, पट्टा सोडायचा, शिडी उतरायची, कॉकपिटचे दार उघडून घ्यायचे, अंधाराला डोळे सरावू द्यायचे, आणि शुक्र कुठला नि विमान कुठले हे ओळखायचे. यासाठी डुलकीचे नियम पंधरा-वीस मिनिटे मागतात.